फुफूच्या संस्थानाचं विलीनीकरण

१२ जानेवारी

आज मी राज्यावर बसले. सैफनं पुण्याहून फोन करून कळवलं की निजामशाही तुझी, कारण बरी राज्यं आधीच वाटली गेली आहेत. मुघल त्यानं स्वतःला घेतले. तो माझा थोरला भाऊ आहे आणि गेमही त्यानंच विकत घेतला, त्यामुळं हरकत घेता आली नाही. विजापूरची आदिलशाही इम्रानकडे. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की तिघांनी आपापल्या कॉम्प्युटरपुढं बसायचं, हेडफोन लावायचे आणि सोळाव्या शतकातला हिंदुस्थान चालवायचा.

मी आधी नाही म्हटलं होतं. मी माती तपासायच्या लॅबमध्ये आहे, तिथं एखाद्या शेतकऱ्याच्या मातीच्या पाकिटावर माझ्या हातून गट नंबर चुकला, तर मला जेवण जात नाही. इथं अख्ख्या सल्तनतीचं दाणापाणी बघायचं. सैफ म्हणाला, "खोटी माणसं आहेत ती, इन्शा." मी म्हटलं, मुघलांनी असं म्हणणं साहजिक आहे.

इम्रान म्हणजे मुनीरचाचांचा मुलगा. आमच्यापासून दोन दारं पलीकडे राहतो. आमच्या आणि चाचांच्या घराचं बोलणं बंद आहे, म्हणून तो माझ्याशी फक्त हेडफोनमधून बोलतो. त्याचं हसणं आधी पत्र्यावरून येतं, मग इंटरनेटवरून.

ही डायरी मराठीत लिहिते आहे. घरात आम्ही दखनी आणि मराठीची मिसळ बोलतो, पण दादाजींनी मला लिहायला मराठीत शिकवलं. शिवाय सैफला मराठी वाचताना धाप लागते, ही सोय आहेच.

१४ जानेवारी

भांडणाचं कारण लिहून ठेवते, नाहीतर पुढं माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

अब्बा आणि चाचा दोघं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून देतात. राहुरीत आमचं दुकान जुनं. पाटी होती 'रशीद अँड ब्रदर मोटार वायंडिंग'. रशीद म्हणजे अब्बा. बावीस वर्षं पाटीखाली बसल्यावर चाचांनी एके दिवशी विचारलं, "ब्रदर म्हणजे कोण?" अब्बा म्हणाले, "तू. दुसरा कोण आहे?" चाचा म्हणाले, "मग मला नाव नाही का?" अब्बांनी विनोद करायचा म्हणून उत्तर दिलं, "नाव मोठं केलं तर पाटी मोठी करावी लागेल." एवढंच. आज समोरासमोर दोन दुकानं आहेत, दोन्ही पाट्या मोठ्या आहेत आणि चार वर्षं झाली, दोघं एकमेकांकडे बघायचं टाळण्यासाठी दिवसभर मोटारीत डोकं घालून बसतात. काम त्यामुळं फार चांगलं होतं.

आमच्या आणि चाचांच्या घराच्या मध्ये दोन खोल्या आहेत. तिथं सरवरी फुफू राहते, अब्बांची आणि चाचांची बहीण. फुफूचे मिस्टर भंडारदऱ्याला धरणावर नोकरीला होते. ते गेल्यावर ती माहेरी आली. तेव्हा दादाजी होते. अब्बा म्हणाले होते, तिला कडेच्या खोल्या द्या, हवा चांगली येते. दादाजी म्हणाले, "मधल्याच." बहुधा चोरांच्या भीतीनं.

१९ जानेवारी

राज्य बरं चाललंय. धान्य पुरेसं आहे. फौज थोडी आहे, पण आज्ञाधारक आहे.

माझ्या आणि सैफच्या मध्ये वऱ्हाड येतं. ते कुणीही चालवत नाही, कॉम्प्युटर चालवतो. पिवळ्या रंगाचं, मध्येच, कुणीतरी नकाशावर वरण सांडल्यासारखं. आज मी त्यांचे तह उघडून बघितले, तर वऱ्हाडचा माझ्याशी मैत्रीचा तह आहे आणि सैफशीही आहे. मी नजराणा पाठवला की तो घेतो, आणि त्यातलाच काही सैफला पाठवतो. सैफनं पाठवलेलं माझ्याकडे येतं.

मी म्हटलं, "हा दुतोंडीपणा आहे."

"असू दे की," इम्रान म्हणाला. "तो मध्ये आहे म्हणून तू निवांत आहेस."

"पण तो दोघांनाही तेच सांगतोय."

"मग काय वेगवेगळं सांगू दे?"

सैफ आपल्याच कामात होता. तो गंगेकाठी कुणाला तरी मारत होता.

२१ जानेवारी

संध्याकाळी फुफूनं दालचा पाठवला, मटण घातलेली डाळ. अब्बांनी वाडगा पुढं ओढला आणि नेहमीसारखा चमचा तळापर्यंत फिरवला.

"नळी नाही."

अम्मी म्हणाली, "असेल, नीट बघा."

"कधीच नसते. इतकं मटण घालते आणि नळी नाही. बकऱ्याला पाय नव्हते का?" असं म्हणून सगळा वाडगा संपवला. मग मला म्हणाले, "सरवरीला सांग, मंगळवारी पाये कर म्हणावं. त्या घरी… तिच्या घरी पाये बरे होतात."

मी निरोप जसाच्या तसा दिला. 'त्या घरी' सुद्धा सांगितलं, कारण ते बोलले होते. दमा होता म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, दादाजी घरीच शिकवायचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मला या खोलीतून त्या खोलीत निरोप घेऊन पाठवायचे. आपल्या पदरचा एक शब्द घातला की शुद्धलेखनाचं एक पान. एक शब्द गाळला की दोन पानं. माझं अक्षर त्यामुळंच चांगलं आहे.

फुफू हसली. म्हणाली, "बघते. गोश्त मिळालं तर करीन."

आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. अम्मीनं त्याच वाडग्यात मसूर भरून पाठवला.

२८ जानेवारी

पाये आले. फुफू गोश्त आणायला बाहेर पडलेली मला दिसली नाही. पण मी लॅबमध्ये होते.

२ फेब्रुवारी

वऱ्हाडला मी समज देणारा खलिता पाठवला. लिहिलं, एक कुणीतरी निवडा. उत्तर आलं की निजामशाहीवर त्यांचं प्रेम आहे. सैफला विचारलं, तर तसंच पत्र त्यालाही गेलेलं.

इम्रान मला म्हणाला, "तुला त्रास काय आहे? धान्य आहे, शांतता आहे."

त्रास हा आहे की ते खोटं आहे. हे त्याला पटत नाही, कारण तो विजापूरला बसलाय, त्याला मुघलांची सीमा लागत नाही.

१३ फेब्रुवारी

शब-ए-बरात. आज घरोघरी हलवा वाटतात.

अम्मीनं हरभऱ्याच्या डाळीचा हलवा केला. मी फुफूकडे ताट दिलं आणि घरी आले, तर झाकण तिथंच राहिलेलं. परत गेले. दार लोटलेलं होतं. फुफू आमच्या ताटातला अर्धा हलवा दुसऱ्या ताटलीत काढत होती. मागच्या दारात अर्शी उभी. अर्शी म्हणजे इम्रानची धाकटी बहीण. फुफू तिला म्हणाली, "घे, आब्बाला सांग, सरवरीकडनं." अर्शीनं तिच्या हातातलं ताट फुफूला दिलं. त्यात चाचीचा हलवा, शंकरपाळ्यासारखा कापलेला, वर चारोळी. फुफूनं त्यातली चारोळी जास्त असलेली वडी उचलून तोंडात टाकली आणि उरलेलं ताट झाकून म्हणाली, "हे रशीदकडं जाईल."

मग मी तिचा ओटा नीट पाहिला. शेगडीच्या एका बर्नरवर पुदिन्याची कुंडी आहे. दुसऱ्यावर रेडिओ.

फुफूनं चार वर्षांत काही शिजवलेलंच नाही.

अर्शी पळाली. फुफू मात्र बिलकूल दचकली नाही.

मी म्हटलं, "फुफू, म्हणजे तो दालचा चाचीचा होता?"

"बटाटे तिचे, मटण तिचं. लई चांगला करती ती."

"आणि आमच्या घरचा खिमा?"

"मुनीरनं बोटं चाटली."

"पण तू सांगायचीस की तू केलाय."

"कवा सांगितलं? मी म्हणते, सरवरीकडनं. मपल्याकडनंच येतं की. वरनं उडत येतंय का?" मग मला बसवलं, विजेच्या किटलीत चहा केला आणि म्हणाली, "तोंड का असं केलंस गं? कुणाचं पोट दुखलं का?"

मला म्हणायचं होतं, माझं. पण चहा चांगला झाला होता.

१५ फेब्रुवारी

अब्बा चार वर्षं फसवले जात आहेत. चाचाही. ज्या भावाचं तोंड बघायचं नाही, त्याच्या घरचं अन्न त्यांच्या पोटात जातंय आणि त्यांना त्याची कल्पना नाही. माहीत असून गप्प बसणं म्हणजे मीही त्यात सामील.

दुपारी अब्बांनी विचारलं, "परवा कोफ्ते येतील का तिच्याकडून?" मला त्यांच्याकडे बघवेना. किती भोळे आहेत.

१६ फेब्रुवारी

मी वऱ्हाड घेतलं.

तयारी होतीच. कॉम्प्युटरनं विचारलं, 'विलीन करायचं? हे मागं घेणं अवघड असेल.' मी दोनदा वाचलं आणि हो म्हटलं. पिवळा रंग पुसला गेला, सगळं हिरवं झालं. इतकं स्वच्छ वाटलं. आता मध्ये कुणी नाही, कुणी इकडचं तिकडं करत नाही. जे आहे ते समोरासमोर.

 इम्रान म्हणाला, "आपा, हे काय केलंस?"

सैफ म्हणाला, "शाब्बास. आता आपण शेजारी." तो इतका खूश झाला की मला क्षणभर अभिमान वाटला.

उद्या अब्बांना सांगणार.

१७ फेब्रुवारी

सांगितलं.

जेवताना कोफ्ते होते. अब्बांनी वाडगा पुढं ओढला तेव्हा मी म्हटलं, "अब्बा, हे फुफूनं केलेलं नाही. चाचीनं केलंय. चार वर्षं चाचीचंच येतंय, आणि आपलं चाचांकडे जातंय."

अब्बांनी चमचा ठेवला. वाडग्यावर झाकण ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं?"

विचारलं नसताना खरं सांगितलं, याचं त्यांना कौतुक असावं. चेहरा मात्र तसा नव्हता. उठून हात धुतले. एकच कोफ्ता खाल्ला होता.

एका बाजूला सांगून दुसऱ्याला न सांगणं हा पक्षपात झाला असता. म्हणून चाचांच्या दुकानात गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. चाचा एका मोटारीत तार भरत होते. सगळं ऐकून घेतलं, मान वर केली नाही. मग भरलेली तार उलगडली आणि पहिल्यापासून भरायला लागले. वेढे चुकले असावेत.

"बस, झालं?" एवढंच म्हणाले.

"हो, चाचा."

"जा मग घरी. उन्हाची फिरू नको, दमा उठंल."

२० फेब्रुवारी

वाडगे थांबले. आमच्याकडून काही जात नाही, तिकडून काही येत नाही. अम्मी माझ्याशी बोलते, पण मीठ दे, पाणी दे, एवढंच. अब्बा अम्मीचंच जेवण जेवतात आणि अर्धं ठेवतात.

फुफूकडे गेले होते. ती पावाबरोबर लोणचं खात होती. मी म्हटलं, आमच्याकडे जेवायला चल ना. ती म्हणाली, "चाचीनं पण बोलावलंय. कुठं जाऊ, तू सांग. तू लई खरं बोलतीस."



"एका घरी जेवले की दुसऱ्या घरची मी दुश्मन," ती म्हणाली. "मपल्या घरी जेवत हुते तवर दोघांची हुते." मग लोणच्याची बरणी माझ्यापुढं सरकवली. कैरीचं होतं. आमच्याच घरचं.

२३ फेब्रुवारी

एकाच दिवसात दोन राज्यांत आग लागली.

दुपारी सैफची फौज वऱ्हाडात उतरली. मी म्हटलं, "तू माझा भाऊ आहेस." तो म्हणाला, "आणि तुझा शेजारी." आधी वऱ्हाडवाले त्याला नजराणा द्यायचे, वाटा दाखवायचे, आठ-आठ महिने बोलण्यात घालवायचे. माझ्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं. माझी फौज होती, ती त्यानं अर्ध्या तासात संपवली. खऱ्या निजामशाहीनंही १५७४ साली वऱ्हाड गिळलं होतं आणि १६०० साली मुघल नगरच्या किल्ल्यात बसले. हे मला शाळेत होतं. मी त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

हेडफोन काढला, तर बाहेरही तसाच आवाज.

अब्बांनी गवंडी आणला होता. सरवरीचे हाल होतात म्हणून तिच्या आणि आमच्या घरामधली भिंत फोडून दार करायचं, म्हणजे ती आमच्यात आली, असं त्यांनी एकट्यानंच ठरवलं होतं. गवंड्यानं दोन विटा काढल्या तोच चाचा अंगणात आले.

चार वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांशी थेट बोलले. ते असं:

"ती बहीण माझीबी हाय."

"मग चार वर्षं तिला काय खायला घातलं?"

"तू खाल्लं ते."

यावर अब्बा पाटीवर गेले. मग पाटीवरून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून चाचांच्या लग्नातल्या सुटावर. तो सूट अब्बांचा होता म्हणे. गवंडी विटा हातात घेऊन उभा. त्याची विहिरीवरची मोटार अब्बांच्या दुकानात आणि स्टार्टर चाचांच्या दुकानात पडलेला आहे, त्यामुळं तो कुणाचीच बाजू घेईना.

तेवढ्यात फुफू बाहेर आली. पत्र्याची ट्रंक उंबऱ्यावर ठेवली.

"भिंत दोघांत वाटून घ्या. खोल्याबी घ्या. मी भंडारदऱ्याला चालले. ह्यांचा पुतण्या तिथं टुरिस्टला तंबू लावून देतो. एका तंबूत मी राहीन."

चाचा म्हणाले, "सरवरी, थंडी असते तिथं."

"हितं लई ऊब हाय."

अब्बा म्हणाले, "रमजान तोंडावर आलाय."

"पहिला रोजा हितं करते. मपल्या आब्बाच्या घरात. दुसऱ्या दिवशी सकाळची बस."

दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागले. चार वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

२६ फेब्रुवारी

आज अम्मी बोलली. मी मागं लागले होते, मी चुकीचं काय केलं ते सांग. ती मेथी निवडत होती.

"तुझा बाप बंद मोटारीचा नुसता वास घेऊन सांगतो कुठली कॉइल जळली. सांगतो की नाही?"

"सांगतात."

"त्याला चाचीच्या मसाल्याचा वास कळला नसेल?"

 अम्मी मेथीची जुडी उलटी करून परत निवडायला लागली.

"मुनीरभाई लहानपणापासून माझ्या सासूच्या हातचं खाल्लेले. मी खिमा सासूकडून शिकले. त्यांना कळलं नसेल तो कुठून आला?"

"मग दोघं काही बोलले का नाहीत?"

"बोलले असते तर खाता आलं असतं का?"

पुढं ती मेथीकडेच बघत म्हणाली, "माहीत होतं सगळ्यांना. फक्त कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस."

म्हणजे कुणीच भोळं नव्हतं. 'त्या घरी पाये बरे होतात.' मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला होता, आणि ऐकला मात्र अजिबात नव्हता.

दादाजी असते तर त्यांनी किती पानं दिली असती कुणास ठाऊक.

१ मार्च

चंद्र दिसला. उद्या पहिला रोजा. फुफूची ट्रंक भरलेली आहे. पुदिन्याची कुंडी ती अर्शीला देऊन टाकणार आहे. रेडिओ मला.

मला रेडिओ नको आहे.

मी माफी मागायला गेले होते. फुफू म्हणाली, "माफी कशाची? खरंच बोललीस ना?" मग माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. हे जास्त वाईट होतं.

अब्बांना म्हटलं, तुम्ही जाऊन तिला थांबवा. म्हणाले, "मी गेलो की मुनीर येणार. तो आला की परत तेच." चाचांचंही हेच म्हणणं आहे, इम्राननं सांगितलं. दोघांना ती राहायला हवी आहे आणि दोघांनाही तसं म्हणायला जागा नाही. ती जागा मी पुसून टाकली.

२ मार्च

सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी खेळायला बसलो. माझ्याकडे नगर, जुन्नर आणि वऱ्हाडचा एक तुकडा उरला होता. मी तो तुकडा सोडला. त्यासाठीही एक बटण असतं, 'स्वतंत्र करा'. नकाशावर पुन्हा थोडं पिवळं आलं.

सैफ म्हणाला, "रोजा लागला का तुला? लढून घ्यायचा तर फुकट देतेस."

"मला मध्ये कुणीतरी हवंय."

"ते तुझा राग धरणार. लिहूनच येतं खाली."

लिहून आलंच होतं. 'तुमच्याविषयी मत: फार वाईट.' पहिलं काम म्हणून त्यांनी सैफला दूत पाठवला. सैफ वैतागला, कारण आता त्याला दूताचं ऐकून घ्यावं लागणार होतं. लढाई थांबली.

मी इम्रानला म्हटलं, "तू अजून आहेस ना लाइनवर? चाचीला सांग, आज दालचा कर."

तो म्हणाला, "कुणासाठी म्हणून सांगू?"

"काही सांगू नको. नुसतं कर म्हण. आणि सहा वाजता अर्शीला मागच्या दारानं फुफूकडे पाठव."

अम्मीला खिमा करायला सांगायची गरज पडली नाही. तिनं केलेलाच होता. कुणासाठी ते मी विचारलं नाही. एवढं शिकले आहे.

अडचण एकच होती. रोज्यात खोटं बोलायचं नाही. समेटासाठी बोललेलं खोटं खोट्यात धरत नाहीत असं अम्मी म्हणते, पण मला जोखीम नको होती. मगरिबची, सूर्यास्ताची अजान होईपर्यंत थांबले, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि खोटं बोलायला निघाले.

खिम्याचा वाडगा घेऊन फुफूच्या घरात शिरले. ती ट्रंकेवर बसली होती, हातात खजुराची बी. शेगडीवर, कुंडीच्या शेजारी, अर्शीनं आणून ठेवलेला दालच्याचा वाडगा. फुफूनं दोन्हीकडे बघितलं नाही.

मी तिच्या घरातून आरपार मागच्या दारानं चाचांकडे गेले. चाचा चटईवर बसलेले. मी वाडगा ठेवला.

"फुफूनं पाठवलंय."

माझा आवाज निरोप देतानाचाच निघाला, सरळ, एकही शब्द इकडे तिकडे नाही. चाचांनी माझ्याकडे बघितलं. झाकण काढलं. चाची पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली.

"सरवरीनं?"

"हो."

चाचांनी घास घेतला, नीट चावला. "हां," म्हणाले. "तिच्याच हातचा आहे." मग चाचीला म्हणाले, "वाडगा रिकामा देऊ नको."

चाचीनं त्यात गुलगुले भरले. मी परत फुफूच्या घरातून आले. दालचा होता तिथंच होता, झाकण मात्र थोडं तिरपं. फुफू अजून ट्रंकेवर. मी गुलगुले तिच्याजवळ ठेवले, दालचा उचलला आणि घरी आले.

अब्बा भाकरी मोडत होते. सैफ व्हिडिओवर होता, अम्मीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मी वाडगा अब्बांपुढं ठेवला.

"फुफूनं पाठवलंय."

 अब्बांनी चमचा घेतला आणि तळापर्यंत फिरवला. एकदा, मग परत एकदा, अगदी कडेकडेनं. भोपळ्याची फोड वर आली, मटण वर आलं. अम्मीचा हात भाकरीच्या टोपलीवर तसाच राहिला.

"नळी नाही," अब्बा म्हणाले.

आणि ते हसले. मग चमचा बाजूला ठेवून हातानंच खायला लागले.

फुफूकडच्या भिंतीत गवंड्यानं काढलेल्या दोन विटांचं भोक अजून तसंच आहे. त्यातून आवाज आला. ठक, ठक, ठक. कुणीतरी ताटलीवर नळी आपटून आतला गर काढत होतं.

आम्ही सगळे ऐकत होतो. फोनमधून सैफ म्हणाला, "कसला आवाज येतोय?" अम्मी म्हणाली, "कसला नाही. तू जेव."

ठक, ठक.

"गवंड्याला सांग," अब्बा मला म्हणाले, "त्या विटा बसवून टाक म्हणावं. घाई नाही." आणि दुसरी भाकरी मागितली.